१९५६ चं घर, सपाट छत, भिंतीवर खाऱ्या पाण्याची रेघ. घ्यावं का?

वेंगुर्लेकरीण

नमस्कार मंडळी. पाल्हाळ होणार आहे, आधीच सांगते.

आम्ही फ्लोरिडात टॅम्पाला राहतो, अकरा वर्षं झाली. मी फार्मसिस्ट, नवरा आयटीत आणि मूळचा सोलापूरचा (हे का सांगितलं ते पुढे कळेल). सहा महिने सॅरासोटाच्या बाजूला घर शोधतोय. गेल्या आठवड्यात एक पाहिलं आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही.

एकमजली, साडेबाराशे चौरस फूट, खाडीपासून चालत चार मिनिटांवर. एजंटबाईंनी 'पाडून बांधायला छान प्लॉट' म्हणूनच नेलं होतं. त्या आत आल्याच नाहीत, गाडीशेजारी फोनवर बोलत उभ्या राहिल्या.

बाहेरून पाहाल तर काहीच नाही. बुटकं खोकं. रस्त्याच्या बाजूला एकही खिडकी नाही, नुसती फिकट पिवळसर ब्लॉकची भिंत (त्याला ओकाला ब्लॉक म्हणतात, हे घरी येऊन वाचलं). दार उघडून आत गेलात की समोरची अख्खी बाजू काचेची आणि पलीकडे दोन जुनी ओकची झाडं. छताचे वासे आतून निघतात, काचेच्या डोक्यावरून तसेच बाहेर पाच फूट जातात, मध्ये कुठे थांबत नाहीत. एवढी मोठी वळचण मी अमेरिकेत पहिल्यांदा पाहिली. खालची जमीन मोझॅकची. टाइल्स नव्हेत हं, जागेवर ओतून घासलेली, मध्ये पितळी पट्ट्या. इथे टेराझो म्हणतात. आमच्या शाळेचा जिना असाच होता.

आणि खिडक्या! लूव्हरच्या काचा, आपल्याकडे न्हाणीघराला असतात तशा, पण इथे भिंतभर. दांडा फिरवला की सगळ्या पट्ट्या एकदम आडव्या. चौदांपैकी नऊ खिडक्या उघडल्या. नववी उघडली तसा वारा घरातून आरपार गेला आणि स्वयंपाकघरातलं कॅलेंडर फडफडलं. सप्टेंबर २०२४ चं पान.

घर तिथेच थांबलंय. हेलेन वादळात आत अकरा इंच पाणी आलं. मालकांनी भिंतींचं आतलं जिप्सम चार फुटांपर्यंत कापून काढलं, सामान फेकलं, आणि मग त्यांना उभारीच राहिली नसावी. दोन आठवड्यांनी मिल्टन आलं. पाणी शिरलं नाही, पण मागचं छत एका कोपऱ्यात उचकटलं. तेव्हापासून बंद. वास कसला येतो ते कोकणातल्यांना सांगायला नको. चार पावसाळे कुलूप असलेल्या घराचा.

आता आकडे. काउंटीच्या मूल्यांकनात इमारतीची किंमत १ लाख ४५ हजार डॉलर. बाकी सगळी किंमत जमिनीची, ती इमारतीच्या चौपट. एका कंत्राटदाराने दुरुस्तीचा अंदाज दिला १ लाख १० हजार. आणि जाता जाता म्हणाला, 'पण पन्नास टक्क्यांचा नियम आहे, एवढं काम करू देणार नाहीत.' हा नियम नक्की काय आहे? जमिनीवर पांढरी बुरशीसारखी साय आलीय, ती मिठाची का? खिडक्या बदलाव्याच लागतील का? आणि हे घर पॉल रूडॉल्फ किंवा त्या काळच्या सॅरासोटातल्या इतर आर्किटेक्ट मंडळींपैकी कुणाचं असू शकेल का? कागदपत्रांत आर्किटेक्टचं नाव नाही.

पाहणीच्या मुदतीतले (तोवर सौद्यातून माघार घेता येते) नऊ दिवस उरलेत. नवऱ्याचं मत असं: 'सोलापुरात पाण्यासाठी रांगा लावल्या, आता पैसे मोजून पाण्यात घर घ्यायचं?'

---

दगडी_पाटा

पाडा.

---

खिळेमोळे

ताई, मी स्थापत्य अभियंता, फोर्ट मायर्सला असतो. २०२२ च्या इयन वादळानंतर दोन वर्षं दुसरं काही केलंच नाही, म्हणून या नियमाचं तेवढं बोलतो.

पूरक्षेत्रातल्या इमारतीच्या दुरुस्तीचा किंवा सुधारणेचा खर्च तिच्या बाजारभावाच्या निम्मा किंवा त्याहून जास्त झाला, तर ती पूर्णपणे आजच्या पूरनियमांत बसवावी लागते. म्हणजे व्यवहारात घरातली जमीन ठरलेल्या पातळीच्या वर उचलायची. बाजारभाव फक्त इमारतीचा, जमिनीचा एक डॉलर त्यात धरत नाहीत. तुमच्या बाबतीत मर्यादा साडेबहात्तर हजारांची. पाच कोटींच्या प्लॉटवर गवताची झोपडी असेल तर झोपडीचाच भाव, असं समजा. जुनी घरं या किनाऱ्यावरून जाण्यात लाटांइतकाच या हिशेबाचाही हात आहे.

तुमचं घर सरळ जमिनीवरच्या स्लॅबवर आहे. जॅक लावून अशी घरंही उचलतात, पण मग ते मोझॅक आणि तो खर्च, दोन्हींचा विचार सोडा.

मार्ग आहेत. काउंटीचा आकडा हा शेवटचा शब्द नसतो. मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून फक्त इमारतीचं मूल्यांकन करून घ्या. ते बरेचदा जास्त निघतं आणि बहुतेक ठिकाणी चालतं. दुसरं, सगळा खर्च मोजत नाहीत. नकाशे, सर्वेक्षण, परवाना फी, वादळाचा कचरा उचलणं, कुंपण, बाग, पोहण्याचा तलाव, हे बाहेर. पण 'आम्ही सुट्टीच्या दिवशी स्वतःच करू' ही पळवाट नाही. स्वतःच्या हातांची मजुरीसुद्धा बाजारभावाने धरतात.

या सगळ्याच्या आधी एक काम करा. परवाना खात्यात जाऊन विचारा की हेलेननंतर या पत्त्यावर 'निम्म्याहून जास्त नुकसान' असा निर्णय झाला आहे का. तसं पत्र फाइलमध्ये असलं तर तुमचं मूल्यांकन वगैरे सगळं नंतरचं. तिथेच हेही विचारा की मागच्या वर्षांतली कामं बेरजेत धरतात का. प्रत्येक गावाचं वेगळं असतं. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून फ्लोरिडात विक्रेत्याने पुराचा विमादावा आणि सरकारी मदत लेखी उघड करायची असते. तो कागद मिळाला नसेल तर मागा.

अजून एक. १९५६ चं घर म्हणजे स्लॅबखालून जाणारे सांडपाण्याचे पाइप बिडाचे असणार. सत्तर वर्षांत ते तळाकडून गंजून खाल्ले जातात. प्लंबरला कॅमेरा घालायला सांगा. तीनचारशे डॉलर जातील. लोक छताकडे बघत बसतात आणि घात जमिनीखाली होतो.

---

वेंगुर्लेकरीण

खिळेमोळे, हात जोडून आभार. परवाना खात्यात उद्या जाते. दगडी_पाटा, तुमच्या सविस्तर प्रतिसादाबद्दलही आभार :)

---

चुन्याची_डबी

मी आर्किटेक्ट. मुंबईत शिकलो, १९८९ ला इकडे आलो. सॅरासोटात चौदा वर्षं काम केलं, आता निवृत्त. गुडघ्यांमुळे हल्ली छतावर चढत नाही, त्यामुळे लिहायला वेळ आहे.

घर कुणाचं हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. रूडॉल्फची घरं मोजलेली आहेत. इतक्या वर्षांत एखादं अनोळखी सापडण्याची शक्यता जवळपास नाही. पण त्या काळात तिथे तो एकटा नव्हता. राल्फ ट्विचेल होता, वयाने बराच मोठा, त्याच्याच कचेरीत रूडॉल्फ आला. टिम सीबर्ट, जॅक वेस्ट, जीन लीडी, मार्क हॅम्प्टन, व्हिक्टर लंडी होते. आणि यांची चार घरं बांधून झाल्यावर पाचवं स्वतःच्या डोक्याने उभं करणारे स्थानिक बिल्डर होते. तुमचं वर्णन वाचून मला हाच शेवटचा प्रकार वाटतो. त्यात काही कमीपणा नाही. नक्कल करणाऱ्याने वळचण पाच फुटांची ठेवली, याचा अर्थ ती कशासाठी आहे हे त्याला कळलं होतं.

रूडॉल्फबद्दल थोडं सांगतो, कारण तुमच्या घराशी त्याचा संबंध आहे. युद्धात तो नौदलात होता, ब्रुकलिनच्या गोदीत. बंद करून ठेवायच्या जहाजांवर तिथे प्लॅस्टिकचा फवारा मारून आवरण देत. १९५० मध्ये सिएस्टा की या सॅरासोटाजवळच्या बेटावर त्याने आणि ट्विचेलने ट्विचेलच्या सासुरवाडीसाठी एक पाहुणेघर बांधलं, त्याच्या छतावर हेच वापरलं. पोलादी पट्ट्या दोन बाजूंना ताणून मध्ये झोळीसारखं लोंबणारं छत आणि वर तो फवारा. त्याला कोकून हाउस म्हणतात. १९५३ चं अंब्रेला हाउस लिडो शोर्सला. घर आणि तलाव दोन्हींच्या वर लाकडी पट्ट्यांची जाळीदार सावली धरलेली. त्या पट्ट्या म्हणजे टोमॅटोच्या मळ्यात रोपांना आधाराला लावतात त्या काठ्या! १९६६ मध्ये अल्मा वादळाने ती छत्री नेली. अलीकडे वादळाचे आजचे नियम पाळून ती पुन्हा उभी केली आहे. सॅनिबल बेटावरचं वॉकर पाहुणेघर तर चोवीस बाय चोवीस फुटांचं. भिंतींच्या जागी झडपा, दोरीच्या दुसऱ्या टोकाला तोलाला लाल लोखंडी गोळे. झडप उचलली की ओटीवर सावली, खाली सोडली की वादळासाठी पेटी बंद. ते २०१९ मध्ये लिलावात विकलं गेलं आणि सुटं करून हलवलं. तीन वर्षांनी इयनने सॅनिबलचा पूलरस्ता तोडला.

आता यातला एक शब्द पुन्हा वाचा. पाहुणेघर. कोकून पाहुणेघर, वॉकर पाहुणेघर. उत्तरेतली माणसं हिवाळ्यात चार महिने येत, त्यांच्यासाठी ही घरं होती. ती सुरेख काळीपांढरी छायाचित्रं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, उघड्या झडपा, पांढरी खुर्ची, वारा. त्या वाऱ्याचा महिना बहुधा फेब्रुवारी असतो. या घरात ऑगस्टमध्ये एसीशिवाय राहता येतं असं सांगणारा माणूस ऑगस्टमध्ये तिथे नव्हता. तुम्ही घर कधी पाहिलंत? मार्चमध्ये पाहिलं असेल तर जुलैत दुपारी दोनला पुन्हा जा, आणि मुदतीत ते जमत नसेल तर निदान एवढं लक्षात ठेवा.

लोकांनी यावर उपाय काय केला? एसी बसवला आणि वाऱ्याच्या सगळ्या वाटा बुजवल्या. ते जास्त वाईट. रूडॉल्फची रिव्हरव्ह्यू शाळा वाऱ्याच्या हिशेबाने आखलेली होती. पुढे एसीसाठी तिचे बदल होत गेले, २००९ मध्ये पाडली, आता तिथे गाड्या लागतात. मी ती पाडण्याविरुद्धच्या सभांना जात होतो. त्यावर लिहायला बसलो तर धागा पुरणार नाही.

तुमच्या घराला दोन्ही लागेल. नोव्हेंबर ते एप्रिल लूव्हर उघडे, बाकीचे महिने एसी. मग जुन्या लूव्हरमधून थंड हवा चाळणीसारखी निघून जाते. दोन झोपायच्या खोल्या नीट बंद होतील अशा करा, तिथे नव्या खिडक्या घाला, आणि बैठकीच्या बाजूचे लूव्हर ठेवून त्यांना बाहेरून वादळाची झापडं लावा. मान्यतेचा शिक्का असलेली झापडं परवाना खात्याला चालतात. पांढरी साय मिठाचीच. स्लॅब खालून ओल ओढतो, पाणी उडून जातं, मीठ वर राहतं. गोड्या पाण्याने धुवा, वाळू द्या, परत धुवा. आम्ल लावू नका, संगमरवराची खडी खाऊन टाकेल. मोझॅकला अकरा इंचांनी काही होत नाही, त्याच्यावर नंतर कुणी डिंक लावून गालिचा चिकटवला तर होतं.

आता तुम्हाला सर्वांत जास्त जे आवडलं, तिथेच दुखणं आहे. आतून बाहेर जाणारे वासे. बाहेरचं टोक पावसात, आतलं कोरड्यात, मध्ये काच. टोकातून ओल शिरते आणि लाकडाच्या पोटातून आत चालत येते. वरून रंग छान दिसतो. पेचकस घ्या आणि प्रत्येक वाशाचं बाहेरचं टोक खालच्या अंगाने टोचा. टोक कुजलं असलं तर कापून जोडता येतं. काचेच्या डोक्यावर, जिथे वासा आत जातो तिथे पेचकस रुतला तर वासा बदलावा लागेल, आणि सपाट छत त्याच्याबरोबर उघडावं लागेल. मग तुमचे साडेबहात्तर हजार तिथेच संपले. ब्लॉकच्या भिंतीच्या डोक्यावरून काँक्रीटचा पट्टा जातो, त्यावर हातोडीने टकटक करा. खणखणीत वाजला तर ठीक. पोकळ वाजला तर आत सळ्या फुगल्यात.

राहिला ऐतिहासिक यादीचा मार्ग. राष्ट्रीय यादीत किंवा मान्यताप्राप्त स्थानिक यादीत नाव असलेल्या इमारतीला त्या निम्म्याच्या अटीतून सूट मिळू शकते, घराचं मूळ रूप राखलं तर. पण त्याला महिने लागतात, तुमच्याकडे आठ दिवस. आणि यादी लाटेला दिसत नाही. सँडरलिंग क्लबची रूडॉल्फने १९५२ मध्ये बांधलेली समुद्रकाठची कबाना (विसाव्याची छोटी खोली) १९९४ पासून राष्ट्रीय यादीत होती. २०२४ च्या वादळांनी ती नेली.

ता. क. पाँडिचेरीला कधी गेलात तर अरविंद आश्रमाचं गोलकोंडा हे वसतिगृह बाहेरून तरी बघा. अँटोनिन रेमंड या आर्किटेक्टने आखलेलं, युद्धाच्या काळात बांधून पूर्ण झालेलं. खिडक्यांना काच नाही, दोन्ही बाजू फिरत्या पट्ट्यांच्या, छत दुहेरी. तेही समुद्राजवळच आहे आणि अजून वापरात आहे. तिथली माणसं रोज त्याची देखभाल करतात, हा फरक मोठा.

---

खिळेमोळे

चुन्याची_डबी यांना +१. हातोडीच्या बाबतीत एवढंच, पोकळ वाजलं म्हणून लगेच पळू नका, कधी नुसता गिलावा सुटलेला असतो. मला फोटो पाठवा.

---

सातासमुद्रापार_सासू

आमच्या मुलाने असंच 'कॅरेक्टर' असलेलं घर घेतलं. वाळवी निघाली. अख्ख्या घराला तंबू घालून धुरी दिली, तीन दिवस आम्ही हॉटेलात, माझं सगळं पीठमीठ फेकावं लागलं. भाजणीसुद्धा. विचार करून घ्या.

---

वेंगुर्लेकरीण

मंडळी, पाच दिवसांनी येतेय. एकेक सांगते.

परवाना खात्यात काउंटरवरच्या बाईंनी फाइल काढली. पत्र आहे! माझ्या पोटात गोळा. मग त्यांनी पान उलटलं. पाहणी झाली होती, नुकसान ३४ टक्के धरलंय. म्हणजे निम्म्याच्या आत. मालकांनी पुढे परवाना काढलाच नाही, त्यामुळे बेरजेत धरायला आधीचं काही काम नाही. खासगी मूल्यांकन झालं, इमारत १ लाख ९० हजार. मर्यादा ९५ हजार झाली. कंत्राटदाराकडून अंदाज फोडून घेतला. त्यात १४ हजार बागेतल्या पायवाटेचे आणि कुंपणाचे निघाले, ते बाहेर. राहिले ९६. एक हजाराने अडलंय.

कॅमेरा घातला. स्वयंपाकघराची लाइन गेलेली आहे, न्हाणीघराची बरी. प्लंबर म्हणाला, आतून नवीन अस्तर घालता येईल, मोझॅक फोडायला नको. खर्च वाढणारच. मग आम्ही स्वयंपाकघराची नवी कपाटं अंदाजातून काढून टाकली. फळ्यांवर डबे ठेवीन, आईने तेच केलं आयुष्यभर. (हे काम पुढे कधी केलं तर ते बेरजेत येईल का, हेही विचारून ठेवलंय. येऊ शकेल म्हणाल्या.)

काल आम्ही दोघं गेलो. दुपारी दोन वाजता, काका, तुमचं ऐकून. अंग चिकचिक. सोलापूरकर हातोडी घेऊन पट्ट्याखालून हळूहळू चालत गेले, कान लावून, कलिंगड निवडतात तसे. एका कोपऱ्यात पोकळ वाजलं. फोटो खिळेमोळेंना पाठवलेत, ते म्हणतात गिलावाच दिसतोय, पण फोडून बघा. मी वासे टोचले. सोळा वासे. चार टोकं मऊ, एकाचं टोक तर केकसारखं. पण काचेच्या डोक्यावर सोळाच्या सोळा टणक. मी दोनदा टोचले.

मग नवरा न चालणाऱ्या खिडक्यांपाशी गेला. पाचांपैकी तीन नुसत्या गंजाने अडकल्या होत्या. तेल, पक्कड आणि सोलापुरी शिव्या घालून त्या सुटल्या. वारा काही फार नव्हता, खरं सांगते. पण तो तिथेच मोझॅकवर पाठ टेकून पडला आणि म्हणाला, जमीन थंड आहे. वीस मिनिटं उठला नाही. मी कॅलेंडर काढून ठेवलं.

सोमवारी मुदत संपते. विम्याचा एक आकडा यायचाय, तो आला की ठरेल. तोवर एक विचारायचं होतं. उरलेल्या दोन खिडक्यांचे फिरवायचे दांडे मुळातच तुटलेत, आतली दंतचक्रंही गेलीत. मोठ्या दुकानांत मिळत नाहीत. जुने कुठे मिळतील?

---

दगडी_पाटा

माझ्या गॅरेजात सहा आहेत. माझंही १९५८ चं होतं, इयननंतर पाडलं. दांडे फेकवले नाहीत. डावे-उजवे वेगळे असतात, तुमच्या कुठल्या बाजूचे ते बघून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.